पोरीच्या पोटातली गाठ आणि आपण घालत असलेला वाद

मागच्या पावसाळ्यात बेळगावातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये चर्चा ठेवली होती. निमित्त धावण्याच्या स्पर्धांचं. या खेळांच्या जागतिक संघटनेनं, म्हणजे वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सनं जाहीर केलेलं की १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या जनुकाची टेस्ट द्यावी लागणार. एका बाजूचे म्हणत होते वाय गुणसूत्र असलं की पुरुष, विषय संपला, आणि मुलगा की मुलगी नीट कळेना असं मूल जन्मलंच तर डॉक्टरनं लहानपणीच काय ते ऑपरेशन करून एका बाजूचं करून टाकावं म्हणजे पुढं घोळ नको. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते मूल अठरा वर्षांचं होऊन स्वतः सही करेपर्यंत त्याच्या शरीराला कुणी हात लावायचा नाही, आणि त्यासाठी अर्धनारीनटेश्वरापासून शिखंडीपर्यंत सगळे दाखले येऊन गेले. दोन तास हे चाललं. मी मागच्या खुर्चीत बसून वाट बघत होते की कुणीतरी गाठ हा शब्द काढेल, कुणी काढला नाही.

मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते, बरीच वर्षं झाली. एका विद्यार्थिनीपायी या विषयात शिरले आणि तिच्या फायली वाचता वाचता शिकत गेले. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही मुलगी की मुलगा हा एक प्रश्न आहे, आणि हिच्या पोटातल्या जननग्रंथीचं (अंडाशय किंवा वृषण) काय करायचं हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. दुसऱ्याचं उत्तर तत्त्वज्ञानातनं मिळत नाही, निदानातनं मिळतं. काही मुलींच्या ग्रंथी लवकर काढाव्याच लागतात, अठराची वाट बघणं म्हणजे कॅन्सरची वाट बघणं होतं. काही मुलींच्या काढणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि तान्ह्या लेकराच्या अंगावर नुसतं दिसायला नीट दिसावं म्हणून चाकू चालवायचा हे कुणाच्याच बाबतीत नको. या तीन गोष्टी एकाच पोत्यात घालून भांडायचं थांबवलं नाही तर पोरी मरणाच्या दारापर्यंत जातात, हे मी वाचून सांगत नाही, बघून सांगते.

थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आईच्या पोटात पहिले सहा-सात आठवडे सगळ्या गर्भांची जननग्रंथी सारखीच असते. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक चालू झालं की तिचे वृषण होतात, नाहीतर अंडाशय. हे जनुक लंडनच्या शास्त्रज्ञांना १९९० मध्ये सापडलं. आता या रस्त्यावर कुठंही वळण चुकू शकतं. काहींत वृषण व्यवस्थित तयार होतात पण शरीराला त्यांच्या हार्मोनची भाषाच कळत नाही, मग बाहेरनं पूर्ण मुलगी, छाती येते, पाळी येत नाही, गर्भाशय नसतं, आणि वृषण पोटात किंवा जांघेत. याला अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी म्हणतात. काहींत वाय असूनही ग्रंथी धड वृषणही होत नाही धड अंडाशयही नाही, नुसती एक पांढुरकी पट्टी राहते, गर्भाशय असतं पण छोटं, आणि वयात यायला लागणारं हार्मोनच तयार होत नाही. हा स्वायर सिंड्रोम, १९५५ साली स्वायर नावाच्या डॉक्टरनं नोंदवलेला. काहींत दोन्ही एक्स असतात, अंडाशय-गर्भाशय ठीक असतं, पण मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या एका एन्झाइमच्या कमतरतेनं बाहेरचं अंग मुलासारखं दिसतं. असले कितीतरी प्रकार, आणि २००५ साली शिकागोत जगभरच्या तज्ज्ञांची बैठक झाली तिथं या सगळ्यांना मिळून डीएसडी (लिंगाच्या वाढीतले बिघाड) हे नाव ठरलं. नाव एक ठरलं म्हणून आजार एक झाला नाही, आणि वादाची पहिली चूक इथंच होते.

कारण गाठीचा धोका प्रत्येकात वेगळा आहे आणि फरक थोडाथोडका नाही. शिकागोच्या बैठकीचं निवेदन २००६ मध्ये छापून आलं त्यात एक तक्ता आहे. ग्रंथी नीट घडलेली नाही, शरीरात वाय आहे आणि ग्रंथी पोटात आहे, तर धोका १५ ते ३५ टक्के. हार्मोनची भाषा अर्धवट कळणाऱ्या मुलांत ग्रंथी पोटात किंवा जांघेतच राहिली तर ५० टक्क्यांपर्यंत. पण ज्यांना ती भाषा अजिबातच कळत नाही त्या पूर्ण प्रकारात सुमारे २ टक्के. आणि अ‍ॅड्रिनलवाल्या मुलींत वायच नाही, त्यांचे अंडाशय निरोगी, तिथं या गाठीचा प्रश्नच येत नाही. मान्य आहे की हे आकडे छोट्या छोट्या अभ्यासांतनं आलेत, आजार दुर्मिळ असल्यामुळे मोठे अभ्यास होणं अवघड, आणि पूर्ण प्रकारातल्या मोठ्या वयाच्या बायकांत धोका किती वाढतो यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. तरीपण २ आणि ३५ यांना एकच नियम लावायचा कसा?

आता माझ्या विद्यार्थिनीचं. गाव सांगत नाही, जात-आडनाव काही सांगत नाही, तिला विचारूनच लिहितेय. नववीत वर्गातली सगळ्यात उंच पोरगी. खो-खोत तिला पकडणं कुणाला जमत नसे. दहावी झाली, अकरावी झाली, पाळी नाही, छाती नाही. तिची आई तिला एका दवाखान्यात घेऊन गेली तर रक्त कमी आहे म्हणून गोळ्या मिळाल्या. दुसरीकडं सोनोग्राफी झाली, गर्भाशय दिसत नाही असं सांगितलं, ते होतं, पण हार्मोन नसल्यामुळे अंगठ्याएवढं, बघणाऱ्याला दिसलं नाही. तिसऱ्यानं सांगितलं उशीर होतो काही जणींना, लग्न झालं की येईल. आई मला म्हणाली, "बाई, तिच्या मावशीलापण उशिराच आली होती, येईल की." मीसुद्धा मान डोलावली, जीवशास्त्र शिकवणारी मी, पाठ्यपुस्तकात गुणसूत्रांच्या जोड्या काढून दाखवणारी, मला सुचलं नाही की या पोरीची गुणसूत्रं तपासायला पाहिजेत. तिच्या विसाव्या वर्षी पोट फुगायला लागलं. गावात लोक काय बोलले असतील ते मी लिहीत नाही. ऑपरेशनमध्ये नारळाएवढी गाठ निघाली, डिसजर्मिनोमा नावाची, आणि ज्या ग्रंथीतनं ती उगवली त्यात जुनी गोनाडोब्लास्टोमा होती. त्यानंतर कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, झाली: ४६ एक्सवाय, तो स्वायर होता. म्हणजे जी टेस्ट पंधराव्या वर्षी व्हायला हवी होती ती कॅन्सर काढून झाल्यावर झाली.

गोनाडोब्लास्टोमा हे नाव स्कली नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९५३ मध्ये दिलं. अर्धवट घडलेल्या ग्रंथीत बीजपेशी मोठ्या व्हायचं विसरतात, लहानच राहतात, आणि वायवरचा एक भाग, त्यातही टीएसपीवाय नावाचं जनुक, त्यांना वाढत राहा असं सांगत राहतं, असं शास्त्रज्ञ मानतात. ती गाठ स्वतः पसरत नाही, पण साधारण निम्म्या वेळा तिच्यातनं पसरणारी गाठ उगवते. आणि हे अठरा बघून होत नाही. लहान मुलींतही होतं, वयात येतानाच्या मुलींतही होतं. म्हणून अशा ग्रंथी निदान झालं की लगेच काढा असाच सल्ला जगभर दिला जातो. त्या ग्रंथीतनं हार्मोन येत नाही, बीज येत नाही, ठेवून फायदा काही नाही आणि धोका तिसऱ्या हिश्श्यापर्यंत.

इथं अठरापर्यंत हात लावू नका म्हणणारे मला एक गोष्ट ऐकवतील, आणि ती खरी आहे. ते म्हणतील कॅन्सरची भीती हे डॉक्टरांचं जुनं निमित्त आहे. हो, आहे. कित्येक दशकं पूर्ण प्रकारातल्या अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटीच्या मुलींचे निरोगी वृषण सरसकट काढले गेले, धोका नगण्य असताना, त्यांना न सांगता, आणि सांगितलं तर तुझ्या अंडाशयात बिघाड होता असं खोटं सांगून. हे असंच करावं असं एकेकाळी डॉक्टरांना शिकवलं जायचं. आमच्याच भागातली एक बाई मला माहीत आहे, आता चाळिशी ओलांडलेली. पाच वर्षांची असताना दोन्ही जांघांत हर्निया म्हणून ऑपरेशन झालं, आत गाठी होत्या त्या काढल्या एवढंच आईबापांना कळलं. त्या गाठी म्हणजे तिचे वृषण होते, आणि ते राहिले असते तर त्यांच्या हार्मोनचं शरीरात इस्ट्रोजेन होऊन ती आपोआप वयात आली असती, गोळीशिवाय. ते गेले, आणि त्याबदली हार्मोनची गोळी द्यायची असते हे तिला पस्तिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नाही. अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हाडं सत्तरीच्या म्हातारीसारखी झाली आहेत असं कळलं. त्यामुळे निमित्त म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो, तो राग बरोबर आहे, आणि या प्रकारच्या मुलींत वयात येईपर्यंत थांबायचं, मग तिला विचारून ठरवायचं, ठेवायच्या असतील तर एमआरआय-सोनोग्राफी करत राहायची, हेच आज बहुतेक तज्ज्ञही सांगतात.

पण त्या बाईवर झालेला अन्याय दाखवून माझ्या विद्यार्थिनीच्या ग्रंथी ठेवायच्या का? एकीच्या पोटातनं नको ते काढलं, दुसरीच्या पोटात नको ते ठेवलं. दोघींच्या बाबतीत चूक एकच होती, गुणसूत्रं न बघता ठरवलं. आणि संमतीचा मुद्दा सरसकट लावणाऱ्यांना मी एक साधा प्रश्न विचारते. मुलाचा अंडकोष खाली उतरला नाही तर आपण काय करतो? वर्ष-दीड वर्षाचा असतानाच ऑपरेशन करून खाली आणतो, कारण वरच राहिला तर पुढं कॅन्सरचा धोका वाढतो. स्वीडनमध्ये हजारो मुलांच्या नोंदी बघितल्या तेव्हा दिसलं की तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत धोका इतरांच्या सुमारे दुप्पट राहिला, उशिरा झालेल्यांत पाचपट. तिथं कुणी म्हणत नाही की पोरगा अठराचा होऊ दे, मग सही करू दे. का म्हणत नाही? कारण तिथं पोरगा पोरगाच आहे याबद्दल कुणाला शंका नसते. म्हणजे संमतीचा प्रश्न आपण शरीराच्या धोक्यावरनं काढत नाही, आपल्या गोंधळावरनं काढतो. आणि तो गोंधळ पोरीच्या पोटात राहतो.

कायद्याकडंही असंच बारकाईनं बघायला लागतं. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं अरुणकुमार आणि श्रीजा यांच्या लग्नाच्या प्रकरणात निकाल देताना इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः अंग धड मुलाचं धड मुलीचं नसलेल्या, तान्ह्या मुलांवरची लिंग नीट करण्याची ऑपरेशनं थांबवा असं तमिळनाडू सरकारला सांगितलं, ऑगस्टमध्ये तसा आदेश निघाला, जिवाला धोका असेल तेवढं वगळून. ऑगस्ट २०२३ मध्ये केरळ हायकोर्टानं सात वर्षांच्या लेकराच्या आईबापांना ऑपरेशनची परवानगी नाकारली आणि तज्ज्ञांची समिती नेमायला लावली. मी दोन्ही निकालांच्या बाजूची आहे. त्या केरळच्या लेकराला तो अ‍ॅड्रिनलचाच आजार होता, तिथं गाठीची घाई नव्हती, घाई होती ती लोक काय म्हणतील याची. असलंच ऑपरेशन आपण थांबवायला पाहिजे. पण जिवाला धोका या शब्दांत आज फुटणारं अपेंडिक्स बसतं हे सगळ्यांना कळतं, पुढं कधीतरी व्हायची तिनात एकपर्यंत शक्यता असलेली गाठ बसते का? ते लिहायला पाहिजे. नाहीतर एक डॉक्टर कायद्याला भिऊन थांबेल आणि दुसरा याच शब्दांच्या आडून नको ते कापेल.

आता डॉक्टरांचा मुद्दा. तो मला सगळ्यात जड वाटला आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. एक अनुभवी डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता थांबायचं, दर वर्षी तपासायचं. ही पोरगी दर वर्षी येणार आहे का? लग्न होऊन ती कोल्हापूरला जाईल, गोव्याला जाईल, नवऱ्याला सांगणार नाही, आम्हाला कधी दिसणार नाही. त्यापेक्षा २ टक्के का असेना, काढून टाकलेलं बरं." हे खोटं नाही. आमच्याकडं लोक बीपीच्या गोळ्या महिन्यात सोडतात. पण मी त्यांना विचारलं, काढल्यावर तिला काय लागतं? हार्मोन, पन्नाशीपर्यंत, रोज. हाडांची तपासणी. म्हणजे काढलं तरी तिला येत राहायलाच लागतंय. जी तपासणीला येणार नाही ती गोळी घ्यायला कशी येईल? खुबा मोडलेली ती बाई याचंच उदाहरण. काढून टाकल्यानं डॉक्टरची जबाबदारी कागदावर संपते, पोरीची नाही संपत. आणि ती येत का नाही? तिला माहीतच नाही की तिला काय आहे. पिशवी नाही एवढं सांगून घरी पाठवलेल्या पोरीनं दर वर्षी कशासाठी बस पकडून बेळगावला यायचं?

लपवाछपवीचा इतिहास जुना आहे. १९५० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन मनी आणि सहकाऱ्यांनी सिद्धांत मांडला की लेकराला लहानपणीच एका लिंगात ठाम वाढवलं, अंग तसं करून घेतलं आणि शंका येऊ दिली नाही की सगळं ठीक होतं. मग मूल मोठं झालं तरी सांगायचं नाही, कागद दाखवायचे नाहीत. पुढं विन्निपेगच्या डेव्हिड रायमरचं प्रकरण बाहेर आलं, त्याला डीएसडी नव्हतं, तान्हेपणी सुंता करताना झालेल्या अपघातानंतर मुलगी म्हणून वाढवलेला मुलगा, चौदाव्या वर्षी खरं कळलं, २००४ मध्ये त्यानं जीव दिला. त्याची गोष्ट या मुलींना जशीच्या तशी लागू होत नाही हे मला कळतं. पण सांगितलं नाही तर त्रास होणार नाही, ही समजूत त्या एका आयुष्यानं कायमची खोटी ठरवली.

आणि इथं घरच्यांचा मुद्दा येतो, तो कुठल्याही पुस्तकी वादापेक्षा खरा आहे. आई म्हणते, "सांगितलं आणि पोरीनं काय करून घेतलं तर? बाहेर कळलं तर लग्न कुणाशी? लोक म्हणतील यल्लमाचं बोलावणं आलंय, सौंदत्तीला सोडा." ही भीती हवेतली नाही. आमच्या सीमाभागात केसात जट दिसली तरी यल्लमाचं नाव घ्यायची रीत होती, अजून पूर्ण गेलेली नाही. पण याच सौंदत्तीकडनं एक शिकता येतं. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा १९३४ साली देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकात १९८२ चा झाला. सोडणं बंद झालं का? डोंगरावर उघड व्हायचं ते घरात, रात्रीत व्हायला लागलं, कारण मागची गरिबी आणि मागची समजूत तशीच होती. जिथं माणसं उघड बोलायला लागली, त्या बायका स्वतः पुढं येऊन संघटित झाल्या, तिथं फरक पडला. नुसत्या बंदीनं किंवा नुसत्या गुप्ततेनं एकही मूल वाचलेलं मी बघितलं नाही. पोरीला सांगणं म्हणजे गावाला सांगणं नाही. वयाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं, आधी तुझ्या ग्रंथी वेगळ्या आहेत एवढंच, मग पुढचं, सोबत समुपदेशक, सोबत आई. तिची माहिती तिची असते, ती नवऱ्याला कधी सांगायची हे तिनं ठरवायचं.

आता पहिल्या बाजूकडं, वाय असला की पुरुष म्हणणाऱ्यांकडं, कारण माझा खरा राग तिथं आहे. खेळाच्या मैदानात कुणाला कुठल्या गटात घ्यायचं हा अवघड प्रश्न आहे, ताकदीचा फायदा काही प्रकारांत खरंच असतो, बाकीच्या धावणाऱ्या मुलींची तक्रार मी झटकून टाकत नाही. पण पूर्ण अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटीत ते हार्मोन शरीराला लागूच होत नाही, स्वायरमध्ये ते तयारच होत नाही, मग फायदा कसला? स्पेनची अडथळा धावपटू मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो १९८५ च्या कोबेच्या स्पर्धेत गुणसूत्रांच्या टेस्टमध्ये अडकली, शिष्यवृत्ती गेली, मित्र सोडून गेला, पेपरात नाव आलं, आणि १९८८ मध्ये मान्य झालं की तिला काही फायदा नव्हता. आपल्या पुदुकोट्टईच्या शांती सौंदराजनचं २००६ च्या दोहा एशियाडचं ८०० मीटरचं रौप्यपदक काढून घेतलं, सगळ्या देशासमोर टीव्हीवर. या टेस्टचा एक पैचा उपयोग त्यांच्या तब्येतीसाठी झाला का? आणि मैदानातली टेस्ट आणि दवाखान्यातली टेस्ट एक नव्हेत हेही कुणी सांगत नाही. स्वायरच्या काही मुलींत एसआरवाय जनुकच गळून गेलेलं असतं, त्यामुळे एसआरवायची टेस्ट निगेटिव्ह येते, पण वायचा बाकीचा भाग जागेवर, टीएसपीवाय जागेवर, गाठीचा धोका जागेवर.

त्या हॉलमध्ये वाय म्हणजे पुरुष असं ओरडून सांगणाऱ्यांना कल्पना नसेल की त्यांचं बोलणं कुठपर्यंत पोचतं. माझ्या विद्यार्थिनीनंतर मी दोन-तीन आयांना सांगितलं की पोरगी सोळाची झाली, पाळी नाही, एकदा कॅरिओटाइप करून घ्या. एक म्हणाली, "आणि त्यात मुलगा आला तर?" ती मग टेस्टला गेलीच नाही. हे एक वाक्य मला झोपू देत नाही. रिपोर्टमध्ये मुलगा येत नाही हो, वाय येतो. वाय सापडला म्हणजे पोटातल्या ग्रंथीकडं लक्ष द्यायला पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं. जी पोरगी सोळा वर्षं पोरगी म्हणून वाढली, पोरगी म्हणून जगते, ती रिपोर्टनंतरही तीच. पण आपण वायला इतकं मोठं करून ठेवलंय की जीव वाचवणारी टेस्ट आईला पोरगी हिरावून घेणारी वाटते.

आमच्या भागात हे अजून एका कारणानं महत्त्वाचं आहे. मामाची मुलगी करायची, बहिणीची मुलगी करायची ही रीत बेळगाव-चिकोडी-अथणीकडं अजून आहे, दोन्ही भाषांच्या घरांत. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडनं तेच बिघडलेलं जनुक येण्याची शक्यता वाढते, अ‍ॅड्रिनलवाला प्रकार किंवा वृषणातल्या एन्झाइमचे प्रकार अशानं दिसतात. अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटीचं तसं नाही, ती आईच्या एक्सवरनं येते, म्हणून तिथं विचारायचं ते आईच्या माहेरचं: मावशीला पाळी आली होती का, कुठली मावशी मूल नाही म्हणून परत आली होती का. घराण्याला वांझपणाचा शाप म्हणून ज्या गोष्टी म्हाताऱ्या सांगतात त्यातल्या काहींच्या मागं हे असू शकतं. आणि जन्मतःच अंग वेगळं दिसणाऱ्या अ‍ॅड्रिनलच्या लेकरांना घाई वेगळीच असते, काहींचा शरीरातलं मीठ जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जीव जाऊ शकतो, तिथं मुलगा की मुलगी यावर घरात कुजबुज करत बसलं की लेकरू हातचं जातं.

काय करता येईल? फार मोठं काही नाही. मुलीला दोन्ही जांघांत हर्निया असेल तर ऑपरेशनच्या आधी गुणसूत्रं तपासायची, कारण हर्निया झालेल्या मुलींत शंभरात एक-दोघी या प्रकारातल्या निघतात असं डॉक्टर सांगतात. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी नाही तर टॉनिकच्या बाटलीआधी कॅरिओटाइप. हिरव्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त, लॅबमध्ये बहात्तर तास पेशी वाढवतात, मग गुणसूत्रं मोजतात. खर्च काही हजार, शेतमजुराच्या घराला तो जड आहे, म्हणून तो सरकारी योजनेत बसायला हवा. पण योजना म्हटलं की आमच्या इथं पहिला प्रश्न कुठल्या सरकारची. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ८६५ सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं विरोध केला. सीमाप्रश्नावर माझी मतं आहेत, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मीही काळी फीत बांधलेली आहे. पण १९५६ पासूनचं भांडण आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा थांबू शकतो, केमोचं तिसरं सायकल थांबत नाही. माझ्या विद्यार्थिनीची गाठ बेळगावात निघाली, केमो कोल्हापूरला झाली, स्लाइड परत तपासायला मुंबईला गेल्या, आणि तिन्हीकडच्या फायली तिच्या आईच्या एका कापडी पिशवीत. डॉक्टर कन्नडमध्ये बोलले, रिपोर्ट इंग्रजीत, घर मराठी. या तीन भाषांच्या मधल्या फटीत निदान पडून हरवलं, आणि पोरीला ऑपरेशननंतर सहा महिने वाटत होतं की आपल्याला अंडाशयाचा साधा कॅन्सर झाला.

ती आता बरी आहे. डिसजर्मिनोमाला केमो चांगली लागू पडते, हे त्यातल्या त्यात नशीब. दुसऱ्या बाजूची पट्टीपण काढली. हार्मोन चालू आहे, पाळी येते, आणि गर्भाशय असल्यामुळे दुसरीच्या बीजावर मूलपण होऊ शकतं असं तिला सांगितलंय, ते ऐकून ती काही बोलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडं आली, पिशवी घेऊन, आणि म्हणाली, "बाई, मला काय झालंय ते एका पानावर मराठीत लिहून द्या." दोघी दुपारभर बसलो. स्वायर काय, वाय म्हणजे काय, काय काढलं आणि का, कुठली गोळी किती वर्षं, हाडांची टेस्ट कधी, आईच्या माहेरच्या कुणाला सांगायला पाहिजे. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं आणि शब्द सोपा करायला लावला. पान पूर्ण झाल्यावर तिनं ते परत एकदा वाचलं, घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं, आणि विचारलं, "कन्नडमध्येपण एक लिहून घेऊ काय? पुढच्या वेळी डॉक्टर कोण असतील कुणाला माहीत."